नाचाचा वर्ग हंगाम धरून भरवा

संपादक महोदय,

मे महिना लागला की जिल्हा पुरवणीत नृत्यशिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. दहा दिवसांत कथक, पंधरा दिवसांत लावणी, शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम आणि हातात प्रमाणपत्र. शिबिरं वाईट नसतात. पण ती भरतात संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत, आणि त्यातही ज्या भागातले आईवडील स्कूटीवरून लेकरांना सोडायला-आणायला येऊ शकतात तिथेच. मग कुठल्या तरी व्यासपीठावरून 'कला तळागाळापर्यंत पोचली पाहिजे' असं भाषण होतं. त्यावर उपाय म्हणून एखाद्या महोत्सवाला जिल्हा परिषद शाळेची पन्नास मुलं टेम्पोत घालून आणतात, मागच्या रांगेत बसवतात आणि वडापाव देऊन परत पाठवतात.

मराठवाड्यात नृत्य शिकवणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. या विषयावरची चर्चा दर वेळी पैशापाशी येऊन अडते. पैसा लागतोच, पण गावातले वर्ग बंद पडताना पाहिले तर बहुतेक वेळा कारण निघतं वेळापत्रकाचं.

ऊसतोडीला जाणारी बीड जिल्ह्यातली गावं घ्या. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, घरांना कुलपं लागतात ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. शहरातल्या नृत्यवर्गाचं वर्ष जूनला सुरू होतं, दिवाळीची सुट्टी घेतं आणि एप्रिल-मेच्या परीक्षेला संपतं. हेच वेळापत्रक जसंच्या तसं गावात आणलं की नोव्हेंबरात वर्ग निम्मा होतो. शिक्षिकेला वाटतं मुलांना गोडी नाही, आणि संस्था 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून निघून जाते. प्रतिसाद होता, तो आईबापासोबत उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) गेला होता.

शाळा जूनच्या मध्याला उघडते. तिथून दसऱ्यापर्यंत साधारण सोळा आठवडे मिळतात. तोच नाचाचा हंगाम धरावा. आठवड्याला तीन दिवस, रोज एक तास, म्हणजे ४८ तास होतात. शहरात आठवड्याला दोन तास शिकणाऱ्या मुलाला एवढे तास भरायला २४ आठवडे लागतात. या ४८ तासांत तीनतालातला (सोळा मात्रांच्या तालातला) तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं मूळ काम, ठाय (संथ) आणि दुगुनीत (दुप्पट लयीत), आठ-दहा हस्तक (हातांच्या ठेवणी), दोन-तीन सोपे तोडे (बोलांच्या छोट्या रचना) आणि गावातलाच एक समूहनाच एवढं नीट बसतं. चौगुनीचा (चौपट लयीचा) हट्ट धरू नये. सादरीकरण मात्र गणेशोत्सवातच उरकून घ्यावं. पुढचा पंधरवडा पितृपक्षाचा, त्यात कार्यक्रम म्हटलं की पालक नाक मुरडतात. त्यानंतर नवरात्र, तेव्हा साथीला बोलावलेला गोंधळी किंवा आराधी यजमानांकडे असतो, नाहीतर तुळजापूर-माहूरच्या वाटेवर. सादरीकरणानंतरचे आठवडे एकेका मुलाचं कच्चं राहिलेलं पक्कं करायला वापरावेत.

टोळी निघाली की काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांचा वर्ग तिथेच चालू ठेवता येतो, फक्त वसतिगृहाच्या जेवणाच्या वेळा आधी विचाराव्यात. जेवणानंतर तासाभराच्या आत तत्कार केला की पोटात कळ येते. जी मुलं फडावर जातात त्यांच्या दप्तरात नाचाच्या बोलांचा एक कागद द्यावा आणि बापाच्या मोबाइलवर दहा मिनिटांचा लेहरा (ताल दाखवत फिरून फिरून वाजणारी धून) टाकून द्यावा. कोपीसमोर नाचायला जागा नसते, पण हाताने ताल धरून पढंत करायला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला, जागा लागत नाही. फडावर असेपर्यंत एवढी पढंत राहिली तरी परतल्यावर पाय पंधरा दिवसांत रुळतो. ही उजळणी एप्रिलात, सकाळी साडेसहा ते आठ. त्यानंतर पत्र्याच्या खोलीत थांबवत नाही.

गाडीची अडचण वेगळी. वरच्या वर्गांसाठी मुली शेजारच्या मोठ्या गावात जातात, एसटीच्या पासवर किंवा शाळकरी मुलींसाठीच्या मानव विकासच्या बसने. ही बस शाळा सुटली की निघते. शाळेनंतर नाचाचा वर्ग ठेवला तर मुलगी वर्गाला तरी मुकते किंवा बसला तरी. दोनदा बस चुकली की घरचे शाळेचाच विषय काढतात. म्हणून गावातला नृत्यवर्ग शाळेच्या तासिकांच्या आतच बसला पाहिजे. कला आणि कार्यानुभवाच्या तासिका वेळापत्रकात छापलेल्या असतात. त्यांत प्रत्यक्षात गणिताचा राहिलेला धडा घेतला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे.

शिक्षक आणायचा कुठून? शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा असं स्पष्ट लिहिलं आहे. यात दोन ठिकाणी गाडं अडतं. एक, 'कला' म्हणजे चित्रकला असाच अर्थ रूढ झाला आहे. दोन, तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या शाळांचा पट शंभराच्या जवळपासही जात नाही. म्हणून एकेक शाळा न धरता केंद्रशाळा (आजूबाजूच्या शाळांचा गट) हा घटक धरून नेमणूक व्हावी. एका शिक्षिकेला दिवसाला दोन शाळा झेपतात, एक सकाळी आणि एक दुपारी. तीन दिवस दोन शाळा, उरलेले तीन दिवस दुसऱ्या दोन, म्हणजे चार शाळा झाल्या. तिसरी शाळा त्याच दिवशी कोंबली की तिचा दिवस रस्त्यातच जातो. प्रवासखर्च मानधनात धरू नये, वेगळा द्यावा. तो आत धरला की सगळे सडकेवरची शाळा मागतात आणि आडबाजूचा तांडा कुणाच्याच वाट्याला येत नाही. एका वेळी पंधरा मुलं घ्यावीत. वीस झाली की मागच्या रांगेचे पाय दिसत नाहीत.

आणि पाय दिसलेच पाहिजेत. तत्काराचे बोल सगळ्यांना पाठ होतात: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय पडतात उजवा-डावा-उजवा-डावा, आणि पुढे डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे चौथा 'तत्' डाव्याचा आणि त्यामागोमागचा 'आ'ही डाव्याचाच. तसंच आठवा 'तत्' उजव्याचा आणि फिरून येणारा 'ता'ही उजव्याचाच. चालताना पाय आळीपाळीने पडतात, त्यामुळे मूल पाचव्या मात्रेला बिनदिक्कत उजवा टाकतं आणि तिथून पुढचं सगळं उलटं होतं. आवाज तोच येतो, म्हणून नुसतं ऐकणाऱ्या शिक्षिकेला चूक कळत नाही. मूळ घोटाळा वजनाचा असतो. चौथ्या मात्रेला मूल अंगाचा भार डाव्या पायावर टाकतं. मग तोच पाय लगेच उचलणार कसा? भार उजव्यावर ठेवून डावा नुसता आपटायचा, हे कळायला उजव्या पायाखाली खडूने गोल काढावा, एक हात भिंतीला लावायला सांगावं आणि 'तत्-आ' एवढ्या दोनच मात्रा वीस वेळा करून घ्याव्यात. त्यानंतर पूर्ण आठ.

लय वाढते, हा दुसरा नेहमीचा दोष. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत तीनतालाची चार आवर्तनं, म्हणजे ६४ मात्रा, एक मिनिट चार सेकंदांत संपली पाहिजेत. घड्याळ लावून बघा, नवा वर्ग ती पन्नास सेकंदांत संपवतो. सेकंद काटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ हे या वर्गाचं सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी साधन आहे. हाताने ताल धरताना टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्याला 'खाली', म्हणजे टाळीविना रिकामी मात्रा. मुलं नवव्यालाही टाळी वाजवतात. तिथे तळहात आभाळाकडे करून बाजूला न्यायला लावलं की ती सवय आठवड्यात सुटते. तबलजी रोज परवडत नाही, मोबाइलवरच्या लेहऱ्यावर काम भागतं. पंधरा मुलांच्या पायांच्या आवाजात मोबाइल ऐकू येत नसेल तर तो रिकाम्या माठात किंवा पातेल्यात ठेवावा, वर्गापुरता आवाज होतो. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मात्र तोही बुडतो. त्या दिवशी नुसती पढंत घ्यावी.

घुंगरांवरून गावात फार गैरसमज आहेत. सुरुवातीचे तीन-चार महिने घुंगरू लागतच नाहीत. पायाचा स्वतःचा आवाज स्वच्छ होण्याआधी घुंगरू बांधले तर चूक घुंगरांत लपते. म्हणजे पहिल्या हंगामाचा हा खर्च शून्य. दुसऱ्या वर्षी आठ-दहा वर्षांच्या मुलाला एका पायात २५, थोड्या मोठ्यांना ५० पुरे. मोठ्या नर्तकांचे शंभर-दीडशेचे जोड लहान पायांना बांधले की घोटा सुजतो. शाळेने मिळून पंधरा जोड घ्यावेत आणि तुकड्यांनी आळीपाळीने वापरावेत. घुंगरू सुती दोरीत ओवून प्रत्येकानंतर गाठ मारलेला असावा. गाठ नसेल तर दोरी एका जागी तुटली तरी पन्नासच्या पन्नास खोलीभर पसरतात आणि अनवाणी पायाखाली येतात. बांधण्याआधी घोट्यावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळावी, काचत नाही. वापरून झाल्यावर घामासकट पिशवीत कोंबू नयेत. पितळेवर हिरवा थर चढतो आणि दोरी कुजते. खुंटीवर टांगून ठेवावेत.

आता जमीन. यावर कुणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त मुलं हिच्यामुळेच गळतात. कथकमध्ये पूर्ण तळवा आपटतो. शाळेची खोली म्हणजे कोबा किंवा शहाबादी फरशी. त्यावर महिना-दीड महिना सारखा तत्कार केला की नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं, मग गुडघा धरतो. मूल तक्रार करत नाही, घरी बसतं. फुकटातला उपाय म्हणजे शेणाने सारवलेलं अंगण. ते कोब्यापेक्षा पायाला कधीही बरं. फेर, लेझीम, टिपरी, हलगीवरचा नाच, साधा तत्कार हे सगळं तिथे करावं. चक्कर (गिरकी) मात्र तिथे घेऊ नये, तळवा अडकतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. कोब्यावर सतरंजी अंथरणं हा उपाय नव्हे, सतरंजी सरकते.

शाळेकडे एक खोली मोकळी असेल तर लाकडी जमीन करून घ्यावी. १६ बाय २४ फुटांच्या खोलीला आठ बाय चारच्या बारा प्लाय बरोबर बसतात. जाडी १८ मिलिमीटर. बारा मिलिमीटरची प्लाय स्वस्त पडते, पण पट्ट्यांच्या मधे दबते आणि वर्षभरात तडकते. खाली दोन इंच रुंद, एक इंच जाड लाकडी पट्ट्या सोळा-सोळा इंचांवर आडव्या टाकायच्या. सोळाच का, तर सोळा इंचांचे सहा खण म्हणजे बरोबर आठ फूट, त्यामुळे प्लायचा प्रत्येक आडवा जोड पट्टीवरच येतो. जोड अधांतरी राहिला की तिथे कड उचलते आणि अंगठ्याला लागते. अशा १९ पट्ट्या लागतात, एकूण ३०४ फूट. पट्टीखाली दर सोळा इंचांवर रबराचा दोन इंची चौकोन चिकटवायचा. चप्पल शिवणाऱ्यांकडे मिळते ती सोलची शीट चालते, अडीचशेच्या आसपास तुकडे होतात. हे रबर म्हणजेच जमिनीची स्प्रिंग आहे, सुतार 'कशाला पाहिजे' म्हणून ते गाळायला बघतो. खिळे वापरू नयेत, उड्यांनी वर येतात. स्क्रू वापरून माथा आत बुडवावा आणि वर लांबी (पुट्टी) भरावी. भिंतीकडेने चारी बाजूंना अर्धा इंच फट सोडावी, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगून मधोमध उचलते. ही फट धरून प्लायच्या कडा तेवढ्या कापून घ्याव्यात. वाळवीचं औषध आधी मारावं. आणि दार आत उघडणारं असेल तर ते फिरतं तेवढी जागा मोकळी ठेवावी. ही चूक इतकी सर्रास होते की जमीन तयार झाल्यावर दार तासून घेतलेल्या खोल्या दाखवता येतील.

अशी जमीन साधारण दोन इंच उंच होते. दाराशी दोन फुटांचा ढाळ दिला की चाकाची खुर्ची आत येते. दिव्यांग मुलांचा विचार इथूनच सुरू व्हावा, कारण पोकळ लाकडी जमिनीचा खरा फायदा कर्णबधिर मुलांना होतो. ढोलकी किंवा हलगी त्या जमिनीला टेकवून वाजवली की ठेका तळव्यांतून कळतो. प्लाय थेट काँक्रीटला चिकटवली तर हे होत नाही, पोकळी हवीच. शिवाय सम (तालाची पहिली मात्रा) दाखवायला समोर कुणी तरी हात उंचावून उभं राहावं. दृष्टिहीन मुलांना पढंत इतरांपेक्षा लवकर येते. त्यांची अडचण दिशेची. चक्करनंतर समोर कुठे आहे हे कळावं म्हणून लेहऱ्याचा आवाज कायम एकाच जागेवरून यावा, आणि रंगमंचाच्या कडेपासून तीन फूट आत जमिनीवर चिकटपट्टीखाली सुतळी लावावी. पायाला लागली की थांबायचं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क २९ व्या कलमात आहे. पण सभागृहाचा रंगमंच तीन फूट उंच आणि चढायला नुसत्या पायऱ्या, तर त्या कलमाचं करायचं काय? एकास बाराच्या ढाळाने तीन फुटांना ३६ फूट लांब उतार लागतो, तेवढी जागाच कुठे नसते. गावात रंगमंच दीड फुटाचाच बांधावा. उतार १८ फुटांत बसतो, आणि पुढच्या चार रांगा जमिनीवर, मागे खुर्च्या अशी बैठक केली की मागच्यालाही पाय दिसतात.

शिकवायचं काय, यावर आमच्यातही मतभेद आहेत. काहींना शास्त्रीय पाया आधी हवा, काहींना गावचा नाच आधी. एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे की मराठवाड्यातल्या मुलाला 'नाच शिकवायला' जाणं हा उद्धटपणा आहे. लमाण तांड्यावर श्रावणात तीजेला नऊ दिवस मुली फेर धरतात, होळीला लेंगी म्हणतात. किनवटकडच्या गोंड, कोलाम गावांत दंडार आणि ढेमसा आहे. पैठणच्या नाथांची भारुडं आजही नाचून सांगितली जातात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी असतात. भाषणांत शार्ङ्गदेवाचा दाखला हमखास येतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय नर्तनाचा आहे, हे खरंच आहे. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात वादक स्त्रियांच्या मधे नाचणारी स्त्री कोरलेली आहे, तेही खरं. पण त्याच भाषणात, आज संबळ वाजवून पोट भरणाऱ्याला शाळेत तासाला किती देणार, हा आकडा कधी येत नाही.

तो आला पाहिजे. ४८ तासांपैकी किमान बारा तास गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या लोककलावंताचे असावेत आणि त्यांना नृत्यशिक्षिकेइतकाच तासाचा दर मिळावा. 'ज्येष्ठ कलावंतांना शासनाचं मानधन मिळतं की' हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. ते उतारवयाचं मानधन आहे, शिकवण्याची मजुरी नव्हे. पैसे तास संपल्यावर हातात किंवा आठवड्याने खात्यावर जावेत. तीन महिन्यांनी निघणाऱ्या बिलासाठी रोजंदारी बुडवून कुणी दुसऱ्यांदा येत नाही. काय शिकवायचं हे त्यांनाच ठरवू द्यावं. गोंधळ हा नवसाचा विधी आहे. त्यातलं कोणतं पद, कोणती पावलं शाळेत चालतील आणि कोणती नाहीत, हे गोंधळ्याला विचारावं. आराध्यांची कवड्यांची माळ आणि पोत (देवीची मशाल) हे नाटकाचं सामान नव्हे, कार्डबोर्डची पोत करून पोरांच्या हाती देऊ नये.

एक नाजूक गोष्ट लिहिणं भाग आहे. ज्या घरांत नाच हा पोटाचा धंदा होता, त्या घरातल्या मुलीला शाळेत 'तू तर नाचशीलच' असं सहज म्हटलं जातं. ती मुलगी बहुतेकदा शिक्षणाच्या जोरावर त्याच शिक्क्यातून बाहेर पडू पाहत असते. तिला न नाचण्याची पूर्ण मोकळीक हवी, आणि कारण विचारू नये. तिची आजी बैठकीच्या लावणीची अदा शिकवायला तयार असेल तर तिला 'बाई' म्हणूनच वर्गात आणावं, नातीच्या वर्गात मात्र नको, जोवर नात स्वतः म्हणत नाही. उलट बाजूने, मुलगे वर्गात टिकावेत म्हणून पहिल्या आठवड्यात लेझीम आणि हलगी घ्यावी. आठवडाभर एकत्र घाम गाळला की 'बायल्या' म्हणणारे गप्प होतात, निदान वर्गाच्या आत.

पालकांची भीतीही रास्त आहे. वर्गाचं दार उघडं असावं, गावातली एखादी आई आळीपाळीने बसलेली असावी. शिक्षकाने हात लावून अंग दुरुस्त करण्याआधी विचारावं. बहुतेक दुरुस्त्या समोर करून दाखवून होतात. उपाशी येणाऱ्या मुलींना चक्कर येते, म्हणून सकाळच्या वर्गाआधी मूठभर शेंगदाणे-गूळ आणि दर वीस मिनिटांनी पाणी. वेगळा पोशाख नको. कुडता-सलवार आणि कमरेला बांधलेली ओढणी पुरते.

पोशाखावरून स्नेहसंमेलन आठवतं. तिथे शहरातून आठ दिवसांसाठी कोरिओग्राफर येतो, डीजेवर सिनेमाची गाणी बसवतो आणि ड्रेसचं भाडं ज्यांनी भरलं तीच मुलं पुढच्या रांगेत दिसतात. भाड्याचे पैसे न आणलेलं मूल आदल्या दिवशी गाण्यातून निघतं. गॅदरिंग बंद करा असं आमचं म्हणणं नाही. पण कोरिओग्राफरच्या आठ दिवसांच्या पैशांत शिक्षिकेचे कितीतरी तास निघतील, एवढा हिशोब मुख्याध्यापकांनी एकदा करून बघावा. नऊवारीच हवी असेल तर आज्यांची जुनी लुगडी आहेत. दहा वर्षांच्या मुलीला पाच-सहा वार पुरतं, उरलेलं आत दुमडून शिवावं, कापू नये.

कार्यक्रम चारला सुरू करून सहाला संपवावा. महिलांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आजूबाजूच्या वाड्यांवरच्या आया येतात, पण सातच्या कार्यक्रमाला नाही, कारण परतीची गाडी नसते. वीज जाणारच असं धरून चालावं. पन्नास वॅटचे चार एलईडी फ्लड (झोताचे दिवे) आणि शंभर वॅटचा स्पीकर मिळून ३०० वॅट होतात. इन्व्हर्टरच्या दीडशे एएच, १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीवर हे सगळं तीन तास निघतं. दिवे समोरून दोन्ही कडेने, उंचावरून. मागे लावलेला फ्लड फक्त प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो.

परीक्षा आणि सवलतींबद्दल थोडंच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला होतात. नोव्हेंबरचं सत्र ऊसतोडीच्या मुलांना बादच. एप्रिलचे फॉर्म मुलं फडावर असतानाच भरावे लागतात, तेव्हा सही, फोटो आणि फी दसऱ्याआधीच गोळा करून ठेवावी. दहावीला शास्त्रीय नृत्य आणि लोककला या दोन्हींचे वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो. शास्त्रीयवाल्याकडे परीक्षेचं प्रमाणपत्र असतं. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घातला जातो त्याच्याकडे कागद नसतो. त्यामुळे ज्याच्यासाठी लोककलेची सवलत आहे तोच तिच्याबाहेर राहतो. शाळेनेच प्रयोगांची वही ठेवली, तारीख-गाव-यजमानाची सही घेतली, तर निदान पुरावा उभा राहील. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्राची दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, पारंपरिक कलावंतांच्या घरांतल्या मुलांचा तीत वेगळा विचार होतो. पण अर्ज करायला आधी गुरू हवा, आणि गावात तोच नाही. १९७७ पासून शाळांत शास्त्रीय संगीत-नृत्याचे मोफत कार्यक्रम नेणारी 'स्पिक मॅके' ही संस्था बोलावता येते. बोलावताना नुसता कार्यक्रम न मागता प्रात्यक्षिकासह व्याख्यान मागावं, आणि ते सोळा आठवड्यांच्या मधे ठेवावं. आधी ठेवलं तर मुलांना काय बघायचं ते कळत नाही. संभाजीनगरच्या महागामी गुरुकुलासारख्या ठिकाणी कथक-ओडिसी शिकून तयार झालेली मुलं-मुली याच मातीतली आहेत. त्यांना तालुक्यात राहून पोट भरता येईल एवढे तास मिळाले, तर पुण्या-मुंबईकडे बघावं लागणार नाही.

यातल्या बहुतेक गोष्टी शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात आहेत. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. जूनमधल्या पहिल्या बैठकीत ठराव घ्यावा: कोणत्या तासिका, कोणती खोली, लोककलावंताचा तासाचा दर, सादरीकरणाची तारीख. ठरावाची नक्कल केंद्रप्रमुखांना द्यावी. आणि खोलीची एक किल्ली गावातच राहणाऱ्या कुणाकडे तरी ठेवावी. गुरुजी शहरातून ये-जा करत असले की किल्लीवाचूनच कितीतरी तास बुडतात.

आपले,
मराठवाड्यातील काही नृत्यशिक्षक